बंदचं बटण

उधन्यातल्या त्या कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. फोनची, लिफ्टची, सरांची, आणि सगळ्यात जास्त माझ्याच तोंडाची. घरी आम्ही अहिराणी बोलतो, कॉलेजात हिंदी. आणि इथे सगळं गुजरातीत. तोंड उघडलं की काहीतरी चुकणार, म्हणून मी ते उघडतच नव्हते. सरांना वाटायचं मुलगी फार शांत आहे. शांत कसली, घाबरट!

पहिले तीन महिने कच्चे होते. काम जमलं तर वर्षभर ठेवणार, नाहीतर रामराम. आणि वडिलांनी तर डिंडोलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोर कंप्युटर कंपनीत लागली. परत घरी बसायची वेळ आली असती, तर त्या गल्लीतून मान वर करून चालता आलं नसतं.

अडीच महिने झाले असतील. एका कापड व्यापाऱ्याचा सगळा डेटा नव्या सर्व्हरवर चढवायचं काम चाललं होतं. दुपारी सर खाली चहाला गेले. जाताना म्हणाले, फक्त बघत बस, हात लावू नकोस. मी बसले. स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत होत्या, आणि त्यात एकदम एक लाल ओळ आली.

माझे वडील तीस वर्षं लूम चालवतात. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती: "तार तुटना का पहिले मशीन बंद, मंग देख." तुटल्या धाग्यावर लूम चालू राहिली की सगळं कापड खराब होतं. लाल ओळ दिसली आणि विचार करायच्या आत माझ्या बोटाने सर्व्हरचं बटण दाबून धरलं.

स्क्रीन काळी झाली. परत चालू केला तर सर्व्हर सुरूच होईना.

सर आले, काळ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, लाइट गेली होती का? उधन्यात लाइट क्षणभर जाऊन येणं काही नवं नाही. मी हो म्हणून मान हलवली. एवढंच. एक शब्दही बोलले नाही, पण खोटं बोलायला शब्द लागत नाहीत.

मग सरांचा राग यूपीएसवर गेला. लाइट गेली तरी सर्व्हर बंद पडू नये, म्हणून तर तो बसवला होता. त्यांनी त्याची देखभाल करणाऱ्या काकांना बोलावलं. काका गोडादऱ्याचे, आमच्याच खानदेशातले. आधी वडिलांच्या शेजारच्या लूमवर होते, मग बॅटरीच्या कामाला लागले. त्यांनी मीटर लावला, बॅटरी तपासली, पुन्हा तपासली. मग सर्व्हरकडे बघितलं, आणि माझ्याकडे. बॅटरी चांगली आहे, आता हे सांगणार.

"बॅटरी वीक छे, साहेब," काका म्हणाले. "मारी भूल."

सर म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका.

काका मुकाट्याने पाने-पकड पिशवीत भरू लागले. मी गप्प बसले असते तर वाचले असते. तेच करायचं मी ठरवलंही होतं, खरं सांगते. पण त्यांनी पिशवीची चेन लावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बटण मी दाबलं, लाइट गेलीच नव्हती. मोडक्या गुजरातीत, रडत. लूमचं, लाल ओळीचं, सगळं सांगून टाकलं.

कालची कॉपी आहे, संध्याकाळपर्यंत काम परत येईल, असं सर म्हणाले. ती लाल ओळ साधी सूचना होती, तिच्याने काही बिघडत नव्हतं. मला उद्या वेळेवर यायला सांगितलं. मग ते काकांकडे वळले.

"ये तो डर के मारे झूठ बोली. आपको किसका डर था, काका?"

काकांनी पिशवी खांद्याला लावली. चांगल्या बॅटरीला खराब म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दावर मी सर्व्हर कसा सोडू, असं सर म्हणाले, आणि ते काम दुसऱ्याला दिलं.

मी जिन्यापर्यंत काकांच्या मागे गेले. ते रागावले नव्हते, नुसते थकलेले दिसत होते.

"कसाले बोलनी तू, माय? मी सांभाळी लिधं व्हतं ना."

आता मी त्याच कंपनीत पक्की आहे. फोन घेते, गुजरातीत भांडतेसुद्धा. काकांचं घर आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे. वडील दर दिवाळीला म्हणतात, जाऊन पाया पडून ये. मी हो म्हणते. अजून गेलेले नाही, मला भीती वाटते.