पावडर पुसल्यावर राहिलेले ठिपके

"सिस्टर, पावडर लावून आलात?" डॉक्टरमॅडमनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

मी खालापूर तालुक्यात तीस वर्षं नर्स होते. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या त्या शिबिरात, "छातीला, काखेत पावडर नको" हे बायकांना सांगायचं काम माझंच. पण पळसदरीच्या मंदाबाईनं अडवलं. "बाई, आदी तुमी जावा. तुमी वरडला नाय तर आमी येतो." गेले ऐटीत. पावडर थापूनच आले होते. शिबिराचे फोटो निघणार होते ना!

पावडरचे कण एक्स-रेत पांढरे दिसतात. स्तनात साठलेल्या कॅल्शियमचे कणही तसेच. पुसून पुन्हा एक्स-रे काढला. बरेच ठिपके गेले. एका जागी मात्र रव्याएवढे सात-आठ राहिले, दाटीवाटीनं.

"बायोप्सी करून घ्या. ही कॅन्सरची सुरुवात असू शकते."

"नीट पुसलं नसेल, मॅडम."

'भाताची लावणी झाली की येते' म्हणणाऱ्या बायकांना मी फैलावर घ्यायची. आता मी म्हणत होते, रिटायर झाले की जाईन. वर रोज आंघोळीला ती जागा साबणानं घासत होते. ठिपके आत, बाई घासतेय वरून! हे सांगितलं की माझी नात हसून लोळते.

महिन्यानं स्टँडवर मंदाबाई भेटली.

"जाऊन आलात, बाई?"

"वेळच नाही गं."

"मलाबी सुई सांगितलीय. तुमी गेल्याबिगर मी नाय जायाची."

तिनं पिशवीतून रिपोर्ट काढला. तसेच ठिपके. आता माझ्यापायी तीही थांबणार. दुसऱ्या दिवशी दोघी बायोप्सीला निघालो.

मला पालथं झोपवलं, स्तन मशीनमध्ये दाबून धरला. भूल दिली. एक्स-रेवर जागा हेरून जाड सुईनं शेवयांसारखे तुकडे काढले आणि कण त्यांत आलेत ना, हे बघायला तुकड्यांचाही एक्स-रे काढला. मी ओरडले नाही. बाहेर मंदाबाई कान देऊन बसली होती.

आठवड्यानं रिपोर्ट आले. तिचे ठिपके निरुपद्रवी. माझ्यात कॅन्सर, पण दुधाच्या नळीतच थांबलेला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. त्याला आठ वर्षं झाली.

मंदाबाईनं गावात सांगितलं, "मशीन लबाडी पकडतं. बाईंनी पावडर लावलीवती, गावल्या. मी नव्हती लावली, सुटले."

हे साफ चूक आहे, असं मी पळसदरीत दोनदा समजावलं. कोणाला पटलं नाही. पण तेव्हापासून शिबिराला तिथल्या बायका सगळ्यात आधी येतात, काखा घासून. तिसऱ्यांदा समजवायला मी गेले नाही.