किल्ल्याच्या गावचा सर्वेयर

ऑफिसात सगळे त्याला ‘रशियन’ म्हणायचे आणि तो दर वेळी न चुकता दुरुस्ती करायचा. “रशियन नाही. युक्रेनियन.” इंग्रज मॅनेजर हसून म्हणायचा, “एकच की!” मग हा पेन्सिलीला टोक काढत बसायचा. आधीच टोक असलेल्या पेन्सिलीलासुद्धा.

साठच्या दशकातल्या दुबईतली ही गोष्ट. अमिरातींचा देश अजून झालेला नव्हता. इंग्रजांचा वचक होता आणि बाजारात रुपया चालायचा. खाडीच्या दोन काठांवर मिळून एक गाव, गावाच्या कडेला वाळू. मी हर्णैचा, कोकणी मुसलमान. मुंबईत ड्रॉइंग शिकलो, बोटीने इथे आलो आणि रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ट्रेसर म्हणून चिकटलो. सर्वेयरने जमीन मोजून पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि मी तो शाईने ट्रेसिंग कापडावर उतरवायचा, असं काम. सर्वेयर म्हणजे हाच. चाळिशीचा, उंच, खांद्यात वाकलेला, उन्हाने नाक सोललेलं. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. इंग्रज सरकारने दिलेला एक प्रवासाचा कागद होता आणि त्यावर देशाच्या जागी लिहिलं होतं, ‘स्टेटलेस’. गोरे त्याला आपल्या क्लबात बोलवत नसत. आम्ही हिंदी लोक त्याला गोरा समजून लांब राहायचो. त्यामुळे दुपारी तो एकटाच साइटवर छत्रीखाली बसून डब्यातले मासे थंडच खायचा.

एकदा मीच म्हटलं, “साहेब, घरी चला. गरम जेवण आहे.”

माझं घर साइटपासून हाकेच्या अंतरावर होतं. खजुराच्या झावळ्यांच्या भिंती, वर झावळ्यांचंच छप्पर. आमच्यासारखी कोकणी कुटुंबं, काही बलुची, सगळ्यांची मिळून ती वस्ती होती. वस्तीच्या तोंडाशी जुना बुरूज उभा होता. समुद्रातल्या दगडाचा, गोल, आत कबुतरं. वस्तीतल्या बापयांनी मिळून एक विहीर खणली होती. पाणी मचूळ, पण पिण्याजोगं. तिच्या जिवावर बायकोने दाराशी शेवगा लावला होता. आमची मुलगी तेव्हा रांगत होती.

बायकोने सर्वेयरला तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सार वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि विचारलं, “तुम्ही समुद्राकाठचे?”

“हो. आमच्या गावासमोर पाण्यात किल्ला आहे,” मी जरा फुशारकीनेच सांगितलं. “सुवर्णदुर्ग.”

“त्यात कोण राहतं?”

“कोणी नाही. झाडझाडोरा आहे.”

“आमच्याही गावाला किल्ला आहे,” तो म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला.

त्यानंतर तो बरेचदा यायला लागला, आणि त्याचं गाव मला थोडं थोडं कळत गेलं. कामेनेत्स-पोदिल्स्की. नाव उच्चारताना माझी जीभ अडखळायची, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. स्मोट्रिच नावाची नदी. तिने खडक इतका खोल कापलाय की जुनं शहर एका दगडी बेटावर बसल्यासारखं झालंय. चोहोबाजूंनी कडा, खाली नदीचा वळसा. बेटावर जायला एकच अरुंद पूल आणि पुलाच्या तोंडाशी किल्ला, टोकदार छपरांच्या बुरुजांचा. तो बोटाने ताटलीतल्या साराच्या ओघळातून नदी काढून दाखवायचा.

“तुर्कांनी एकदा घेतला तो,” त्याने सांगितलं. “पंचवीसेक वर्षं होते. मोठ्या चर्चची मशीद केली, शेजारी मिनार बांधला. जाताना तह झाला की मिनार पाडायचा नाही. मग पोलिश लोकांनी मिनार ठेवला आणि त्याच्या टोकावर मरियमचा पुतळा बसवला. अजून आहे.”

मला गंमत वाटली. मी म्हटलं, “म्हणजे आमचे लोक तुमच्या गावात येऊन गेले.”

“तुमचे नाही,” तो म्हणाला. “सुलतानाचे. तुझ्यासारख्यांना त्यांनी खंदक खणायला लावला असता.”

बायकोला तो बरा वाटायचा, पण तिला त्याची कीवही यायची. मला म्हणायची, “ह्या माणसाला आई हाय का नाय, कोण जाणे. बोलतो तेव्हा दगडाचंच बोलतो.” एका शुक्रवारी तिने त्याला थेटच विचारलं, मोडक्या हिंदीत. “भाईसाब, घर में कौन कौन है?”

तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, आणि मी तिला आपल्या भाषेत सांगत गेलो. त्यांच्या जुन्या शहरात ज्यूंची घरं फार होती. त्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक शिंपी राहायचा. सर्वेयरचा शाळेचा कोट त्या शिंप्यानेच शिवला होता, दर वर्षी बाह्या उसवून लांब करून द्यायचा. लढाईत जर्मन आले. पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी ज्यूंना गोळा केलं. त्या गावचे, आणि हंगेरीतून हाकलून तिथे आणून टाकलेलेही. बाया, पोरं, म्हातारे, हजारोंनी. गावाबाहेर बॉम्बने पडलेल्या खड्ड्यांपाशी नेऊन गोळ्या घातल्या. काही दिवस आवाज येत होता.

“शाळेत आम्हांला शिकवायचे, हा किल्ला गावाचं रक्षण करतो,” तो म्हणाला. “मी तेव्हा किल्ल्याखालीच राहत होतो. त्याचा एक दगडही हलला नाही.”

नंतर त्यालाही पकडून जर्मनीला कारखान्यात नेलं. लढाई संपल्यावर परत गेला असता तर रशियनांनी शत्रूचा नोकर म्हणून सैबेरियात धाडलं असतं, असं सगळे म्हणत होते. म्हणून तो इंग्लंडला गेला, मोजणी शिकला. आई मागे राहिली होती. ती आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारणा केली तर तिलाच त्रास होईल ही भीती.

मी एवढं सगळं बायकोला सांगितलं. तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

त्याच हिवाळ्यात खाडीपासून नव्या रस्त्याचं काम कंपनीकडे आलं. सर्वेयरने रस्त्याची लाइन आखली, सरळ. त्या लाइनीत बुरूज येत होता. बुरूज पाडायचा, वस्ती वाचते. मॅनेजरने नकाशा पाहिला आणि लाल पेन्सिलीने बुरुजाला वळसा घातला. वळशाची रेघ आमच्या वस्तीच्या मधून गेली. मॅनेजरच्या बायकोला जलरंगाची आवड होती. बुरुजाची तिची चित्रं त्यांच्या दिवाणखान्यात लावलेली होती, ही गोष्ट सगळ्या ऑफिसला ठाऊक होती.

मी बाजूच्या टेबलावर होतो. सगळं कानांनी ऐकलं.

“हा बुरूज शे-दोनशे वर्षांचा आहे,” मॅनेजर म्हणाला. “या गावात जुनं असं दुसरं आहे काय? झावळ्यांची घरं काय, आठवड्यात उभी राहतात.”

“विहीर राहत नाही,” सर्वेयर म्हणाला.

“दुसरी खणतील.”

“जिथे हलवणार तिथे खारं पाणी आहे. मी मोजलंय.”

“तुम्ही किल्ल्याच्या गावचे,” मॅनेजर हसत म्हणाला. “तुम्हांला तर बुरुजाची किंमत कळायला हवी.”

“मला चांगली कळते,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता, आवाज मात्र ठाम होता. “या लाइनीवर मी खुंट्या मारणार नाही.”

मॅनेजर म्हणाला, “मग दुसरा कोणी मारेल.”

आणि मारल्या. बहरीनहून एक तरुण इंग्रज सर्वेयर आला, त्याने दोन दिवसांत लाइन उरकली. नकाशा माझ्या टेबलावर आला. मी कापड पसरलं, दौत उघडली आणि लाइन उतरवली. माझं घर कुठे येतं ते मला दिसत होतं. घरांना नकाशात खूण नव्हती. विहिरीला होती, एक छोटं वर्तुळ. ते ‘बुजवणे’ म्हणून दाखवायचं होतं.

आमच्या सर्वेयरला कंपनीने काढून टाकलं. कागदावर देश नसलेला माणूस, त्याला नोकरीशिवाय इथे राहता येईना. तो निघाला त्या सकाळी मी धक्क्यावर गेलो. कुठे जाणार विचारलं तर म्हणाला, “कुवेत. मग बघू.” माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बायकोला सांग, मला जमलं नाही.” मी सांगितलं. ती म्हणाली, “त्याला का म्हणून जमायला हवं होतं? त्याचा काय संबंध?” आणि रडली. त्याचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही.

आम्हांला मामझरच्या बाजूला सपाट जागा दिली. झावळ्या खरंच आठवड्यात उभ्या राहिल्या. पाणी गाढवावरून यायचं, आणि ज्या दिवशी यायचं नाही त्या दिवशी यायचं नाही. मुलीच्या अंगावर फोड उठले, जुलाब थांबेनात. वैशाख लागायच्या आत बायकोने गाठोडं बांधलं.

“मी हिला घेऊन गावाला जाते,” ती म्हणाली. “तुम्ही पाण्याचं काय ते करा, मग बोलवा.”

“एक वर्ष. इन्शाल्ला,” मी म्हटलं.

वर्ष कसलं. पाणी आलं, वीज आली, पक्की घरं आली, पण तोवर माझी भाडी आणि पगार यांचा मेळ बसेना, मग सासूबाई आजारी, मग मुलीची शाळा. मी दोन वर्षांतून एकदा जायचो. मुलगी मला ‘अब्बा’ म्हणायची, पण पाहुण्यासारखं, आईच्या पदराआडून. पुढे मुलगा झाला, तोही तसाच. बायको हर्णैलाच म्हातारी झाली आणि हर्णैलाच गेली. मी मातीला पोचलो नाही, फ्लाइट दुसऱ्या दिवशीची मिळाली.

तो बुरूज आता फार सुंदर केलाय. कडेला खजूर लावलेत, कॉफीचं दुकान आहे, फलकावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलंय की हा बुरूज या वस्तीचं रक्षण करायचा. कोणती वस्ती, ते लिहिलेलं नाही. मुलगा पुढे इथेच नोकरीला आला; त्याच्या मुलीला, माझ्या नातीला, दाखवायला नेलं होतं. मी सांगायला लागलो तर म्हणाली, “दादा, कॅन वी गो? इट्स सो हॉट.” आम्ही गेलो.

मागच्या वर्षी इथेच ऊद मेथा भागात दातांच्या डॉक्टरकडे जायला लागलो. तिथे मदतनीस म्हणून एक मुलगी आहे, गोरी, केस घट्ट बांधलेली. एकदा बोलता बोलता तिने गावाचं नाव सांगितलं आणि मी खुर्चीतून उठून बसलो. कामेनेत्स. मी स्मोट्रिच म्हटलं, मिनारावरच्या मरियमचं म्हटलं, तर ती बघतच राहिली. “तुम्ही गेला होतात?”

“नाही. एक माणूस होता तिथला. साठ वर्षं होतील.”

तिने फोनवर फोटो दाखवले. किल्ला तसाच, टोकदार छपरं, सगळं डागडुजी केलेलं. उन्हाळ्यात रंगीत फुगे उडवायचे, म्हणाली, माणसं बसलेले मोठे फुगे, जुन्या शहरावरून. पोरं पुलावरून दोर बांधून दरीत उड्या मारायची. बाहेरगावची माणसं यायची, हॉटेलं भरायची. आता लढाईमुळे पूर्वेकडून घरं सोडून आलेली माणसं आहेत. तिच्या आईने तिची खोली खारकिव्हच्या एका बाईला आणि तिच्या मुलांना दिलीय. वीज जाते, भोंगे वाजतात, शाळा तळघरात भरते. तिच्याबरोबर शिकलेल्या, लढायला गेलेल्या मुलांपैकी काही जण गावाच्या दफनभूमीत आहेत, नव्या ओळीत.

“आणि जुन्या शहरातली घरं?” मी विचारलं.

“जुन्या शहरात मोकळ्या जागाच खूप आहेत,” ती म्हणाली. “गवत आहे. तिथे पूर्वी काय होतं, मला नीट माहीत नाही.” मग माझं मन राखायला म्हणून तिने हसून सांगितलं, “पण काळजी करू नका हं. किल्ल्याला काहीसुद्धा झालेलं नाही.”

मला तिला शिंप्याचं सांगायचं होतं. तेवढ्यात डॉक्टर आले, तिने माझ्या गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला, खुर्ची मागे कलवली आणि गालात कापसाचे बोळे कोंबले.