एका पुड्याला हो म्हणणारे दोघे

आमच्या घरात उपासमार होती असं मी लिहिणार नाही, आईला ते आवडणार नाही. पण घरात आज काय खायचं हे आम्ही ठरवत नव्हतो. कानडी शहरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत अप्पा ज्या कारखान्यात लेथ चालवायचे तो एका सोमवारी उघडलाच नाही. मालकाने शटरला कुलूप लावलं आणि फोन बंद करून टाकला. मग आई पलीकडच्या एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. दुपारची गर्दी उठली की उरलेलं तिला घरी न्यायला मिळायचं. कधी भात, कधी नुसतं सांबार. कंत्राटदाराची लहर फिरली तर तेही नाही, आणि हे तो चारचौघांत हसत सांगायचा, "आज सगळे भुकेले होते अक्का, तुझ्या वाटणीचं पण गेलं." आई हसायची. न हसून कुठे जाणार होती?

पुढ्यात आलं त्याला नको म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. निपाणीकडच्या आमच्या गावातही हाच आहे, पण तिथे त्याला वळण म्हणत. पीण्यात आल्यावर त्यात लाचारी मिसळली. एकदा मी आंबूस भात बाजूला सारला, तर आई नुसती बघत राहिली. तो मी खाल्ला.

अशा घरातून मी शिकले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बी.ए., मग मानसशास्त्रात एम.ए., मग स्कॉलरशिप मिळवून पीएचडी. कुणाच्या ओळखीने नाही. गावाकडचे विचारायचे, "म्हणजे पोरगी येड्यांची डॉक्टर होणार?" अप्पा म्हणायचे, "न्हाई, चोरांची." आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसायचे.

तसं अप्पांचं बरोबरच होतं. काही गुन्हेगारांना दुसऱ्याचं दुःख कळतं, पण लागत नाही. त्यांना सायकोपॅथ म्हणतात. हा शब्द हल्ली कुणालाही चिकटवतात, आम्ही मात्र तासन्‌तास मुलाखत घेऊन आणि कागदपत्रं तपासून गुण द्यायचो. जास्त गुणांचे, म्हणजे जास्त थंड काळजाचे कैदी आणि बाकीचे कैदी इतरांशी वाटणी करताना निर्णय कसे घेतात, हा माझा विषय.

त्यासाठी एक खेळ होता. कैद्याला सांगायचं, भिंतीपलीकडे दुसरा एक जण आहे, त्याच्याकडे दहा गोष्टी आहेत. तो स्वतःला किती ठेवायच्या आणि तुला किती द्यायच्या ते ठरवेल. तू हो म्हणालास तर तशी वाटणी होईल. नाही म्हणालास तर दोघांनाही काही मिळणार नाही. आता नऊ ठेवून कुणी एकच पुढे केली तर साधा माणूस चिडतो, स्वतःचं नुकसान करून समोरच्याची जिरवतो. माझ्या मार्गदर्शक सरांचा अंदाज असा, की थंड डोक्याचा माणूस चिडणार नाही, एक तर एक म्हणून घेईल.

हा खेळ पैशांवर खेळतात. तुरुंगाने पैशाला परवानगी दिली नाही, म्हणून सरांनी बिस्किटांचे पुडे ठरवले. मराठी बोलणारे कैदी माझ्याकडे दिले होते. आमच्या सीमाभागातले बरेच निघाले.

त्यातला एक निपाणीच्या बाजूचा, बांधाच्या भांडणात भावकीतल्या माणसाचा जीव घेतलेला. खुल्या तुरुंगात शेतीकामावर जाता येईल म्हणून वाट बघत होता. दुसरा शहरातला, शिकलेला, लोकांच्या आयुष्याची कमाई बुडवून आलेला. त्यातल्या एका घराने विष घेतलं, ते तो हवामान सांगावं तसं सांगायचा. त्याचे गुण आमच्या यादीत सगळ्यांच्या वर होते. आणि सांगायला लाज वाटते, पण खरं आहे: माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं त्याने पहिल्या भेटीत बोलता बोलता माझ्याकडून काढून घेतलं, तेव्हापासून दर वेळी तो विचारायचा, "आई कशा आहेत, मॅडम?" आमच्या विभागात हे मला एकानेही कधी विचारलं नाही.

पलीकडून एक पुडा पुढे आला. दोघेही हो म्हणाले. आकड्यांत दोघे एका ओळीत बसले.

नियमात नव्हतं, तरी मी दोघांना विचारलं, का घेतला?

शहरातला म्हणाला, "शून्यापेक्षा एक बरा. त्याने किती ठेवले, मला काय करायचंय?"

निपाणीकडच्याने मलाच उलट विचारलं. "खायच्या जिनसाला नको म्हणून सांगतात काय वो, ताई? तुमच्यात सांगतात?"

आमच्यात नाही सांगत. मी कागद गोळा केले आणि बाहेर आले. दारावरची पोलीसबाई म्हणाली, "स्वल्प, जरा बसा अक्का, तोंड उतरलंय." मी बसले नाही, थेट सरांकडे गेले.

सर खुशीत होते. एका पुड्याला हो म्हणणारे त्यांच्या अपेक्षेपेक्षाही जास्त निघाले होते. याच आकड्यांवर ते तुरुंग खात्याला एक सूचना देणार होते: असे थंड निर्णय घेणाऱ्यांना खुल्या तुरुंगात पाठवू नका. मी म्हटलं, "सर, हे लोक वाटणीला हो म्हणत नाहीत, अन्नाला म्हणतात. बिस्किटं काढून पुन्हा खेळायला हवं."

"सगळ्यांच्या भुकेच्या गोष्टी ऐकत बसलीस तर सायन्स कधी करणार?"

"चुकीचं मोजलंय, सर."

त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघ, तुझ्यासारख्या मुलीला डिग्री वेळेत मिळणं महत्त्वाचं. घरची परिस्थिती मला माहीत आहे. आहे तसं दे, दोन महिन्यांत मोकळी होशील. पुन्हा करायचं तर स्कॉलरशिप संपेल, आणि मी सहीपलीकडे काही करणार नाही."

ते 'तुझ्यासारख्या' अजून माझ्या कानात आहे. परिस्थिती त्यांना माहीत होती म्हणे. ती माहीत असती तर बिस्किटं ठेवलीच नसती.

मी पुन्हा करायचं ठरवलं. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे मला अजून कँटीनला जावं लागणार." मी होय म्हटलं. तिने गुडघ्याला तेल चोळायला घेतलं.

स्कॉलरशिप संपली, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत मी शनिवार-रविवार मुलांना मराठी शिकवायला लागले. पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली कुटुंबं. मुलं मला 'मिस' म्हणायची आणि अनुस्वार विसरायची. एक आई नेहमी म्हणायची, "माझ्या मॅनेजरची टेस्ट घ्या ना, टोटल सायकोपॅथ आहे." सगळ्या हसायच्या. वर्गानंतर हातात डबा ठेवत, "उरलंय, घेऊन जा." मी घ्यायचे. सरांच्या खेळात मीही थंड डोक्याची ठरले असते.

तुरुंगातून आठवड्याला घरी फोन करता येतो. बिस्किटांऐवजी त्या फोनची जास्तीची दहा मिनिटं ठेवायची, असं मी सुचवलं. परवानगीत पावसाळा गेला.

निपाणीकडच्यासमोर एक मिनिट आलं. तो खुर्चीतून उठलाच. "एका मिनटात काय बोलू वो? पोरगी फोनपातूर येईस्तोवर संपतंय ते. नऊ त्येनं ठेवली? मग त्येलाबी नको आन मलाबी नको." ते मिनिटही गेलं. भिंतीवर हात आपटून तो बाहेर गेला.

शहरातला हसला. "एक तर एक. थँक यू, मॅडम. आई कशा आहेत?"

या वेळी मी उत्तर दिलं नाही. त्याला फरक पडला नाही. पुढची गोष्ट त्याने त्याच सुरात विचारली, माझ्या अहवालात त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द जातील का.

सगळं माझ्या मनासारखं निघालं असं नाही. जास्त गुणांचेही काही जण चिडले, ते का, मला अजून सांगता येत नाही. पण बिस्किटाला हो म्हणणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त जण मिनिटाला नाही म्हणाले. सरांनी तक्ते पाहिले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." पुढच्याच परिषदेत ते व्यासपीठावरून सांगत होते, "आमच्या टीमच्या असं लक्षात आलं..." टीममधली मी मागच्या रांगेत बसले होते.

तुरुंग खात्याला जाणारी सूचना त्यांनी गुपचूप मागे घेतली. निपाणीकडचा त्याच हिवाळ्यात खुल्या तुरुंगात गेला, त्याच्या आधीच्या चांगल्या वागणुकीवर. माझा प्रबंध वर्षभर उशिरा, पण बिस्किटांची चूक सांगणाऱ्या प्रकरणासकट मंजूर झाला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी होतेच. आता पहिली डॉक्टरही मीच आहे.