खरेदीखतावरची बांगडी

आईने शनिवार पेठेतलं आमचं दोन खणांचं घर विकलं, तेव्हा मी सासरहून, वाईहून, मुद्दाम आले होते. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मला भाऊ नाही. काकांचा हुकूम सुटला होता की, वहिनींनी आता आमच्याकडे येऊन राहावं. ऐकायला किती गोड! काकांकडे पंगतीला माणसं उदंड आणि चुलीपुढे बसायला कोणी नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. आईला वाईला, कृष्णेकाठी, एक खोली घेऊन राहायचं होतं. जावयाच्या दारात नको आणि दिराच्या चुलीपुढेही नको. घर तिने स्वतः विकलं तरच ते जमणार होतं.

घर घेणारे शेजारचेच साळी. त्यांना दुसरा माग टाकायला जागा हवी होती. वडील आणि काका वेगळे होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भाऊबंद म्हणून काकांची साक्ष लागणारच. ते सकाळपासून ओटीवर येऊन बसले होते. ताक मात्र दोनदा मागून घेतलं.

दुपारी कोतवाल चावडीचा कारकून आणि पेठेतले पंच आले. कारकुनाने खरेदीखत वाचायला घेतलं. पूर्वेस साळ्यांचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सामाईक आड. मी जन्मले ती खोली त्यात कुठेच नव्हती. माजघराच्या दाराआड आई लाल आलवणात बसून ऐकत होती. तिचा चेहरा मला दिसत होता.

वाचून झालं. कारकुनाने बोरू शाईत बुडवला आणि सवयीने म्हणाला, "देणार बाईमाणूस. सहीऐवजी निशाणी बांगडी. मी काढतो, बाईंनी बोरूला हात लावावा."

"थांबा," काका म्हणाले. "विधवेची निशाणी बांगडी? अहो, हा कागद उद्या खोटा ठरेल. त्यापेक्षा देणार म्हणून माझंच नाव घाला. घरचा कर्ता मी आहे."

कारकून खरंच गोंधळला. बायकांची निशाणी बांगडी, कुणब्याची नांगर, एवढं त्याला पाठ होतं. विधवेच्या हाताचा विचार त्याने कधी केला नव्हता. त्याने बोरू खाली ठेवला. साळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. कागद काकांच्या नावाने झाला असता, तर आई त्याच संध्याकाळी त्यांच्या चुलीपुढे बसली असती.

आई उठली आणि उंबरठ्यापर्यंत आली. परपुरुषांसमोर तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"भावजी, हातातल्या तुम्ही फोडायला लावल्यात. कागदावरची तरी राहू द्या."

पंचांतले वडीलधारे खाकरले. "बायकांची निशाणी बांगडीच. विधवेची निराळी निशाणी आमच्या ऐकण्यात नाही. तुमच्या आहे का?" त्यांनी काकांना विचारलं.

कारकुनाने कागद उंबरठ्याशी सरकवला. आईने नुसता हात लावला नाही, बोरूच हातात घेतला. जन्मात कधी धरला नव्हता. जीभ दातांत धरून तिने एक बांगडी काढली, जरा चेपलेलीच. मग तिच्या शेजारी दुसरी काढू लागली.

"बाई, निशाणी एकच असते."

"एकच बांगडी कोण घालतं?" आई म्हणाली आणि दुसरी पुरी केली.

कारकुनाने निमूटपणे बाजूला लिहिलं, 'निशाणी बांगड्या दोन'. खाली काकांनी साक्ष घातली. घालणार नाहीत तर जातील कुठे! शाईवर वाळू पडली. आता चावडीचा शिक्का तेवढा राहिला होता.

आईला उठवायला मी हात पुढे केला आणि माझा हिरवा चुडा खळकन वाजला. वर्षभर आईसमोर मी हात जपून हलवत होते. मी चटकन मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं.

आईने माझा हात सोडवला.

"वाजू दे गं," ती म्हणाली.