डॉक्टरांनी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढेही नाही. आता सांगतेय ते हळवी होऊन नाही — संतापून. आणि संताप कुणाचा? माझाच.

सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. अंबरनाथच्या कंपनीतली नोकरी कशीबशी टिकवत आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला डायलिसिस. माझा रक्तगट जुळत नव्हता — तो खरंच जुळत नव्हता, तेवढं तरी खोटं नाही. सासूबाईंचा जुळला. बारवी धरणाच्या अलीकडच्या गावात भातशेती करणारी बाई, साठीला टेकलेली, कधी आजारी म्हणून पडली नव्हती. "माझी घ्या," म्हणाल्या.

लोकांनी त्यांचं कौतुक केलं. माझंही — सून असावी तर अशी, किती धावपळ केली! अजून डोकं फिरतं ते ऐकून.

मुंबईच्या हॉस्पिटलातले सर्जन इंग्रजीत बोलायचे. मराठीत समजावणाऱ्या बाई त्या दिवशी रजेवर. परवा या, काही घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. घाई मला होती. मी कात्रपच्या शाळेत इंग्रजी शिकवते. म्हटलं, मीच सांगते त्यांना.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. किडनी शक्यतो दुर्बिणीनं काढतात — पोटाला तीन-चार भोकं, आणि ती बाहेर घ्यायला खाली एक लहान छेद. पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, किडनीला एकाऐवजी तीन धमन्या होत्या. रक्त थांबलं नाही, तर बरगडीखालून मोठा छेद घ्यावा लागेल. तो महिनोन् महिने दुखतो. वाकायची, ओझ्याची कामं कदाचित कायमची सुटतील. हे सगळं त्यांना सांगा, म्हणाले. आणि हेही सांगा, की त्या अजूनही नाही म्हणू शकतात.

"काय बोलला गं डाक्टर?" आईंनी विचारलं.

मी काय सांगितलं?

"चार बारीक भोकं पाडतात, आई. चौथ्या दिवशी घरी."

बस. इतकंच! त्या हसल्या, सही केली. सगळं सांगितलंत ना, डॉक्टरांनी मला विचारलं. मी मान हलवली.

खरं कळलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या? मला नाही वाटत — पोटचा मुलगा होता. पण मला माहीत नाही. मी विचारलंच नाही ना!

ऑपरेशनात रक्त थांबेना. मोठा छेद घ्यावा लागला. नवरा वाचला, नवी किडनी पहिल्या दिवसापासून चालली. आई शुद्धीवर आल्या, कुशीवरच्या पट्टीला हात लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

चालता-फिरता झाल्यावर नवरा डॉक्टरांवर ओरडला, "दुर्बिणीचं सांगून माझ्या आईला फाडलंत!"

"मी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मिसेसना विचारा."

दोघं माझ्याकडे वळले. आणि मी — मुलांना रोज खरं बोला म्हणणारी मी — म्हटलं, "नाही. असं काही सांगितलंच नव्हतं." डॉक्टरांनी सहीचा कागद पुढे केला, तर वर तोंड करून बोलले, "हा इंग्रजीत आहे. आईंना काय कळणार?"

किती निर्लज्ज असावं माणसानं?

आई आता लावणीला उतरत नाहीत. वाकलं की कूस ओढते, तिथे फुगवटा आलाय. डाक्टर खोटारडा, म्हणतात. इतकी वर्षं मी ऐकून घेते.

गेल्या महिन्यात गावातली एक बाई आईंकडे आली. तिला मुलीला किडनी द्यायची होती, तपासण्याही झाल्या होत्या. द्यावी का, विचारत होती. आईंनी पदर बाजूला करून व्रण दाखवला. "भोकं सांगतात न् फाडतात. भरवसा ठेवू नको."

बाईचा चेहरा उतरला. मी तिथेच होते, चहा करत. दोन वाक्यं बोलायची होती — दोन! मी चहा गाळला. कप नेऊन ठेवले. साखर पुरे ना, विचारलं.

तिनं हॉस्पिटलला नकार कळवला.

परवा रिक्षात तिची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. चोवीस वर्षांची आहे. डायलिसिसला निघाली होती. मी सरकून जागा दिली आणि बाहेर बघत बसले.