अंगाऱ्याची पुडी

कॉपी का करू नये, यावर मी वर्गात बरीच वर्षं तोंडाची वाफ दवडली आहे. पकडले जाल, वर्ष जाईल, एवढंच सांगत आले. मुलं माना डोलावतात आणि करायचं ते करतात. हल्ली मी या विषयावर बोलणं टाळते. बोलायला लागले की मला समोरच्या घरातली ती पुडी आठवते.

इकडे गुजराती मुलखात, मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत, दारासमोर दार, एक मराठी कुटुंब आहे. वडील रेल्वेत, आई घरी, एकच मुलगी. परीक्षा आली की आई दत्ताच्या देवळातला अंगारा आणते, कोऱ्या कागदात पुडी बांधते आणि मुलीच्या खिशात ठेवते. पेपर झाले की पुडी देव्हाऱ्यात जाते. निकाल लागेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मग चांदोदला जाऊन नर्मदेत सोडायची. मला हे सगळं भाबडं वाटायचं, पण कुणाच्या श्रद्धेत नाक खुपसायला मी जात नाही.

मुलगी बारावीला होती. केंद्राच्या गेटवर खिसे तपासणाऱ्या बाईंनी पुडी हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. "भगवाननुं छे, रहेवा दो," म्हणाल्या. देवाचं आहे, राहू द्या. हे आईनंच मला कौतुकानं सांगितलं होतं.

पेपर संपले, ऊन तापलं आणि एका दुपारी त्यांना परीक्षा मंडळाचं बोलावणं आलं. वर्गातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं सगळं परीक्षेनंतर बसून तपासतात. रसायनशास्त्राच्या पेपरात ही मुलगी मांडीवर काहीतरी उघडून बघताना दिसली होती. उद्या पालकांसह हजर व्हायचं. कॉपी ठरली तर सगळ्या विषयांचा निकाल रद्द.

आई धावतच माझ्याकडे आली, मागोमाग मुलगी. वडील ड्यूटीवर बाहेरगावी होते.

"ताई, तुम्ही चला बरोबर. तुम्हाला त्या लोकांशी बोलता येतं. ती अंगारा लावत होती हो, दुसरं काय करणार? आणि पुडी घरात आहेच की. तीच नेऊन दाखवू."

हे ऐकून मुलीला हायसं वाटायला हवं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आईचं लक्ष नव्हतं. ती घरात जाऊन रुमालात गुंडाळलेली पुडी घेऊन आली. "तुमच्याच पर्समध्ये राहू द्या. माझ्याकडून गडबडीत राहून जाईल."

संध्याकाळी मुलगी एकटीच आली.

"काकू, ती पुडी जरा द्याल? देवापाशी ठेवायची होती."

"उद्या आल्यावर ठेव."

ती जाईना. मला राग आला, तिची कीवही आली.

"आईला काय सांगायचं असेल ते आज सांग," मी म्हटलं. "आज सांगितलंस तर घरातल्या घरात राहील."

"आई मरेल, काकू."

"मरत नाही. जा."

मी पुडी उघडली नाही. उघडायची गरजच उरली नव्हती. पण स्वयंपाक करताना नजर सारखी त्या पर्सकडे जात होती. समोरून काही ऐकू येतं का म्हणून मी कान देऊन होते. रडणं, ओरडणं, काहीही चाललं असतं. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मग टीव्ही लागला.

सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून तयार होती. रिक्षात ती एकसारखी बोलत होती. मुलगी आमच्या दोघींच्या मधे बसली होती. तिचा गुडघा माझ्या पर्सला टेकला होता.

अधिकाऱ्यांनी आधी चित्रण दाखवलं. मुलगी मान खाली घालते, पुडी उघडते, बघते, लिहिते, पुन्हा बघते. अंगारा लावायला माणूस पुडीत बोट घालतो. पुडी वाचत नाही. आईला मात्र पडद्यावर फक्त आपली पुडी दिसली.

"विभूती छे, साहेब," ती म्हणाली. "हमणां बतावुं. द्या ना ताई, दाखवू त्यांना."

मी मुलीकडे पाहिलं. अजूनही तिला तोंड उघडता आलं असतं. ती फरशीकडे बघत राहिली. मी पुडी दिली.

आईनं ती टेबलावर ठेवून स्वतः उलगडली, अंगारा सांडू नये म्हणून हलक्या हातानं. राखेखाली पेन्सिलीची बारीक अक्षरं होती, समीकरणांच्या ओळीच्या ओळी. आईला समीकरणं कळत नाहीत, पण लेकीचं अक्षर कळतं. तिनं बोटानं राख बाजूला सारली. मग आणखी थोडी सारली. सगळा कागद मोकळा होईपर्यंत ती सारतच राहिली.

"बेन, हवे रहेवा दो," साहेब हळूच म्हणाले.

वर्ष गेलं. मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसली आणि स्वतःच्या अभ्यासावर पास झाली. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तर म्हणतील, म्हणजे एक वर्ष गेलं, एवढंच ना.

ती पुन्हा बसली त्या वर्षी, पहिल्या पेपरच्या सकाळी मी कुलूप लावत होते. समोरचं दार उघडं होतं. आईनं लेकीच्या कपाळाला अंगारा लावला. या वेळी पुडी बांधलीच नव्हती. मग तिनं लेकीचे खिसे चाचपले, कंपास उघडून पाहिला, बाह्या वर सारून पाहिल्या. मुलगी न सांगताच दोन्ही हात बाजूला धरून उभी होती, गेटवर धरतात तसे.