बुटक्या गाडीतली उभी तलवार

मुलगी शिकायला बेंगळुरूला गेली, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी घरातली पाच माणसांची गाडी देऊन दोन माणसांची गाडी आणली. बायकोला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि नाही ऐकून घ्यायची मला सवय नाही. गाडी सव्वीस वर्षांची, लाल, परदेशी बनावटीची, शर्यतीच्या थाटाची. कोडगूच्या एका कॉफीमळ्याच्या मालकाकडून घेतली. त्याला तिच्यातून उतरता येईनासं झालं होतं म्हणून त्यानं ती विकली. हे कारण ऐकून तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

तिचं छप्पर म्हणजे एक पत्र्याची ताटली. ती हातानं काढायची आणि घरी ठेवून जायची, कारण गाडीत ती ठेवायला जागा नाही. दिवे बॉनेटमध्ये लपलेले. बटण दाबलं की उजवा टुणकन वर येतो आणि डावा अर्ध्यात थांबतो. गाडीत बसायची एक रीत आहे: आधी पाठ करून बूड टाकायचं, मग पाय एकेक करून आत ओढून घ्यायचे. उतरायची रीत मी इथे सांगणार नाही. मेटगळ्ळीला आमच्या कारखान्याच्या आवारात मी उतरायला लागलो की लोक चहा घेऊन बाहेर येतात.

घरात या गाडीचा खरा शत्रू एकच, माझे सासरे. मी सांगलीकडचा, पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि इथलाच झालो. बायकोचं घराणं मूळचं मराठी, पण कित्येक पिढ्यांचं इथलं. तिचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. सासरे स्वतः सरकारी बसचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं म्हैसूर ते सरगूर बस चालवली. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. जन्मभर ते रस्त्याकडे उंचावरून बघत आले, आणि वाहनाची किंमत त्यात किती पोती मावतात यावर ठरवत आले. माझी गाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "अळियंद्रे, हे वाहन नाही. हा पाट आहे."

अळियंद्रे म्हणजे जावईबापू. मराठीत त्यांनी मला तसं कधी म्हटलं नाही. कन्नडमध्ये म्हटलं की आदर राहतो आणि जवळीक टळते, असं माझं मत आहे. मी त्यांना मामा म्हणतो.

गाडी आली आणि आठवड्यातच खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी वाहनांचीही पूजा. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, पुढे केळीचे खुंट बांधले, आणि मामांनी कुंकू भरलेला कोहळा गाडीसमोर आपटून फोडला. मी गाडी पुढे घेतली. लिंबं चिरडली, सगळं यथासांग. इतर गाड्या फुटलेल्या कोहळ्यावरून सरळ निघून जातात. माझ्या गाडीखाली त्याची एक मोठी फोड अडकली आणि गल्लीच्या टोकापर्यंत माझ्यासोबत आली. तिचा निम्मा भाग आत कुठेतरी राहिला. पुढचा महिनाभर गाडीला जो वास येत होता त्याला बायको "तुमची हौस" म्हणायची.

त्याच संध्याकाळी घरात फैसला झाला. या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत घराचं एक काम जरी या गाडीमुळे अडलं, तर गाडी विकायची. बायकोकडे तिची स्कूटर होती, पण ती घरकामाला वापरायची नाही असंही ठरलं. पंच मामा. आरोपीच्या शत्रूला न्यायाधीश केलं होतं, तरी मी हो म्हटलं. मला राग आला होता, आणि रागात मी नेहमी हो म्हणतो.

मामांनी वर्षभर माझा पिच्छा पुरवला. घरात कधी नव्हती इतकी कामं निघाली. गॅसचा सिलिंडर मी शेजारच्या सीटवर बसवून पट्टा बांधून आणला. सिग्नलला एका बाईनं आत वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे फार कीव करून पाहिलं. सरगूरहून नात्यातल्या एकांनी फणस दिले. मोठा फणस सीटवर बसला आणि लहान दोन माझ्या मांडीवर. त्या रस्त्यावरचा एकेक हंप मामांच्या तोंडपाठ होता, आणि एकही त्यांनी मला आधी सांगितला नाही. या गाडीला हंप सरळ ओलांडता येत नाही, तिरकं जावं लागतं, आधी एक चाक मग दुसरं. मागचे रिक्षावाले तेवढ्या वेळात माझ्या घराण्याचा उद्धार करून घेतात. एका लग्नाला तिघांना जायचं होतं, तर मी दोन खेपा केल्या. मामांनी त्यावर बराच विचार केला आणि खेप धरली. बसवाला माणूस, खेपेचा मान राखतो.

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी नारळाचं रोप आणायला सांगितलं. चांगलं माणसाएवढं. आता मी हरणार अशी त्यांची खात्री होती. मी छप्पर काढून घरी ठेवलं, रोप सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत उभं केलं, आणि झावळ्या वाऱ्यावर हलवत शहरातून घेऊन आलो. मामा फाटकात उभे होते. रोप कसं उभंच्या उभं आलं, हे त्यांनी दोनदा वाकून पाहिलं.

आता तलवारीबद्दल सांगायला हवं. बायकोच्या माहेरच्या पूर्वजांची एक तलवार आहे, मामांबरोबर ती आमच्या घरी आली. खंडेनवमीला तिची पूजा होते. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, घरातला सगळ्यात थोरला पुरुष ती स्वतः बन्नीच्या झाडापाशी नेतो, टोक झाडाला टेकवतो आणि पानं घेऊन परत येतो. बन्नी म्हणजे शमी. यातला नियम एकच, पण कडक: उंबऱ्याबाहेर तलवार उभी राहते, टोक वर. आडवी होते ती हरल्यावर, नाहीतर धरणारा मेल्यावर. आणि वाटेत ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. मामा वडिलांच्या पाठी हे करत आले, एकही वर्ष न चुकता. बन्नीमंटपाच्या अलीकडे एका लहानशा देवळाजवळ ते झाड आहे, आमच्या घरापासून अर्ध्या तासाची वाट. मामा पेटा, म्हणजे म्हैसुरी फेटा, बांधून पहाटेच चालत निघायचे, मी मागून पूजेचं ताट घेऊन. इतक्या वर्षांत त्यांनी मला तलवारीला बोट लावू दिलं नव्हतं. त्यांना मुलगा नाही. आपल्यानंतर काय, हा विषय घरात कुणी काढत नसे.

या वर्षी श्रावणात त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चालायला मनाई केली. दसरा जवळ आला तशी त्यांची चिडचिड वाढली. त्यांनी रिक्षा बोलावून पाहिली, पण आत बसून तलवार उभी धरली की टोक छताला लागत होतं. शेजाऱ्यांची मोठी गाडी पाहिली, तिथेही तेच. आदल्या रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "आगल्ला. या वर्षी होत नाही. राहू दे."

मी त्यांना अनेकदा रागावलेलं पाहिलं होतं. असं ताटातल्या भाताशी बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर, खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला. कारण म्हैसूरमध्ये छप्पर नसलेलं एक वाहन मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. आणि उद्याच वर्ष संपत होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढवाचे पाय जमिनीपासून चार बोटांवर होते.

बायकोनंच विषयाला तोंड फोडलं. ती म्हणाली, नारळ उभा आला होता ना.

मामा हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "सकाळी साडेपाचला. उशीर नको."

सकाळी त्यांना बसवणं सोपं गेलं. या गाडीत बसायचं नसतं, पडायचं असतं. पांढरं धोतर, डोक्याला पेटा, दोन्ही हातांत मूठ, आणि छपराच्या भोकातून वर गेलेली तलवार. बायको ताट घेऊन स्कूटरवर मागे. ती म्हणाली, हे घरकाम नाही, देवाचं काम आहे.

निघालो तर पुढच्या चौकात बॅरिकेड. दसऱ्याच्या संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी रस्ता पहाटेच बंद केला होता. पोलीस जवळ आला, थांबला, मग बराच खाली वाकला. त्यानं पेटा पाहिला, तलवार पाहिली, लाल गाडी पाहिली. त्यानं कन्नडमध्ये विचारलं की मिरवणुकीत तुमचा नंबर कितवा.

मामा चौतीस वर्षांत पोलिसाशी खोटं बोलले नव्हते. ते गप्प राहिले. मी गप्प राहिलो ते मला सुचलं नाही म्हणून. पोलिसानं स्वतःच काय ते ठरवलं, बॅरिकेड बाजूला केलं आणि आम्हाला थेट मिरवणुकीच्या मार्गावर सोडलं. स्कूटरही मागून आली.

दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या. मधून आम्ही. झाडू मारणारे थांबले. खुर्च्या मांडणाऱ्या माणसांनी हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या, आणि दोघातिघांनी सवयीनं नमस्कार केला. मामा हळूहळू ताठ होत गेले. इतकं सावकाश चालायची या गाडीला सवय नाही. इंजिनाचा काटा चढायला लागला. ती थांबली असती तर आम्ही तिथेच संध्याकाळपर्यंत बसलो असतो, आणि मग खरंच नंबर लागला असता. इंजिन थंड करायचा एकच उपाय मला ठाऊक होता: आतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे तिकडची गरमी इकडे येते. मी सोडला. गरम वारा सरळ मामांच्या पायांवर. माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"असू दे," ते म्हणाले. "गुडघ्याला बरं वाटतंय."

काटा खाली आला, तरी त्यांनी मला हीटर बंद करू दिला नाही.

झाडापाशी पोचलो आणि लक्षात आलं की उतरायचा विचार कुणी केलाच नव्हता. या गाडीतून उतरायला दोन्ही हात लागतात आणि त्यांच्या दोन्ही हातांत तलवार. त्यांनी तीनदा जोर केला. तिसऱ्यांदा पेटा घसरून नाकावर आला. मी म्हटलं, मामा, क्षणभर माझ्याकडे द्या. त्यांनी पेट्याखालून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे केलेला हात मागे घेतला.

मग ते म्हणाले, "गाडी पुढं घ्या."

मी गाडी झाडाच्या पारापर्यंत नेली. टोक फांदीच्या पलीकडे गेलं. आता चौतीस वर्षांचा बसवाला जागा झाला: स्वल्प मागं, अजून, डावीकडं कापा, बस. देवळाचा पुजारी घंटा धरून बघत उभा होता. चौथ्या खेपेला तलवारीचं टोक फांदीला टेकलं. मामांनी डोळे मिटले. बारीक पानं वरून गळून आमच्या दोघांच्या अंगावर पडली. एरवी पायी यायचे तेव्हा पानांसाठी त्यांना फांदी ओढून घ्यावी लागे.

घरी आलो. बायको पुढे येऊन आरती घेऊन दारात उभी. गाडी उंबऱ्यापासून दहा पावलांवर. मी उतरून त्यांच्या बाजूला गेलो, मामा बसून राहिले. निरांजन विझायला आलं तेव्हा बायको म्हणाली, अप्पा, किती वेळ.

त्यांनी मूठ माझ्याकडे केली. "धरा," म्हणाले. "उभी."

मी ती घेतली. मला वाटलं होतं त्याहून ती फार हलकी होती. मोकळ्या दोन हातांनी मामा आधी पायांनी, मग पंज्यांनी, मग चारी अंगांनी रांगत गाडीतून अंगणात उतरले. मला मदत करता येईना, कारण माझे दोन्ही हात अडकलेले. बायकोनं त्यांना उभं केलं, धोतराची माती झटकली, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की मग गाडीचं काय करायचं, आज वर्ष झालं.

मामांनी पेटा सरळ केला. गाडीच्या टपावरून हात फिरवायला त्यांनी हात पुढे केला, पण तिथे टप नव्हताच. "पुढच्या वर्षी तलवार हे धरतील," ते म्हणाले. "गाडी मी चालवतो."

आणि ते काठी टेकत आत निघून गेले. मी अंगणात तलवार उभी धरून उभा राहिलो. तिला आडवं करायचं नाही एवढं मला माहीत होतं. घरात नेऊन ठेवायची कशी, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.